रजिस्टरचा पगार आणि संगणकाचा पगार जुळत नसेल तर : छोट्या शाळांसाठी समस्या निवारण

दर महिन्याच्या २८ तारखेनंतर मला इंदूरच्या छोट्या शाळांतून फोन यायला लागतात. कुठे १४ माणसांचा स्टाफ, कुठे २६ जणांचा. तक्रार एकच असते : वर्षानुवर्षं रजिस्टरवर सुरळीत होणारा पगार संगणकावर आणल्यापासून दर महिन्याला कुठेतरी अडतो. एकदा निस्तरला की पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. गेली अकरा वर्षं मी हेच काम करतो आहे, म्हणून ज्या क्रमाने मी स्वतः तपासतो तोच इथे देतो. आधी फुकटातल्या, पाच मिनिटांच्या गोष्टी, मग वेळखाऊ, आणि शेवटी हात कुठे आवरायचा ते.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ओळखा.

– एकूण बेरीज एक-दोन ते आठ-दहा रुपयांनी चुकते.
– बेरीज बरोबर एका माणसाच्या पगाराएवढी कमी येते, पण त्या माणसाची ओळ यादीत दिसते आहे.
– बिनपगारी रजा असलेल्यांचाच पगार जुळत नाही, तोही ३१ दिवसांच्या महिन्यात आणि फेब्रुवारीत.
– एखाद्या महिन्यात सगळ्या स्टाफचा एक दिवस कापला जातो.
– बँकेतून दोन-तीन रकमा परत येतात, आणि दर वेळी त्याच लोकांच्या.
– पीएफची फाइल पोर्टल घेत नाही, किंवा घेतं पण कपात रजिस्टरपेक्षा वेगळी निघते.
– उचल फिटली तरी हप्ता कापला जातोच.
– वर्षभर सगळं ठीक, फक्त मार्चमध्ये घोळ.

एक गोष्ट करू नका

फरक दिसला की चुकलेल्या चौकटीत बरोबर आकडा हाताने टाकून मोकळं व्हायचं, ही सवय मी जवळजवळ प्रत्येक शाळेत पाहिली आहे. त्या महिन्याचा पगार निघतो खरा, पण त्या चौकटीतलं सूत्र पुसलं जातं. पुढच्या महिन्यात तीच फाइल नवीन नावाने जतन होते आणि जुना आकडा तसाच पुढे जातो. समजा जुलैत एका बाईंचे दोन दिवस कापले होते. ऑगस्टमध्ये त्या रोज आल्या, तरी त्यांचा पगार जुलैचाच राहतो. दुखणं दर महिन्याला परत येतं त्याचं सर्वांत मोठं कारण हेच. म्हणून तपासणी सुरू करण्यापूर्वी फाइलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. मूळ फाइलला हात लावू नका.

पहिली तपासणी : फरकाचा आकडाच वाचा

याला खर्च नाही, संगणकही लागत नाही. रजिस्टरची बेरीज आणि संगणकाची बेरीज कागदावर लिहून वजाबाकी करा आणि त्या फरकाकडे नीट बघा.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट पडल्याचा संशय घ्या. १२,५४० ऐवजी १२,४५० लिहिलं की फरक ९० येतो. फरक सम असेल तर त्याचा अर्धा करा आणि तेवढी रक्कम कपातीच्या रकान्यात कुठे दिसते का ते शोधा. ३५० वजा करायचे ते मिळवले गेले असतील तर फरक ७०० येतो. फरक एखाद्याच्या पूर्ण पगाराएवढा असेल तर दुसऱ्या तपासणीकडे जा, आणि दहा रुपयांच्या आत असेल तर तिसऱ्या. जुने हिशेबनीस हे सगळं बोटावर करायचे. हे आधी का, तर यातून पुढचा निम्मा शोध वाचतो. वीस ओळी एकेक करून पडताळण्यापेक्षा दोन ओळींवर बोट ठेवता येतं.

याच वेळी माणसं मोजून घ्या. हजेरीपटावर किती नावं, पगारपत्रकात किती, बँकेच्या यादीत किती. नवीन रुजू झालेली शिक्षिका यादीच्या अगदी शेवटी, बेरजेच्या ओळीच्या खाली भरली गेली असेल तर ती बेरजेत धरलीच जात नाही.

दुसरी तपासणी : आकडा आकडा आहे का?

रजिस्टरमध्ये आपण १२५००/- असं लिहितो. पुढे कोणी आकडा घुसवू नये म्हणून ती रेघ असते आणि कागदावर ती योग्यच आहे. एक्सेलमध्ये मात्र तशी रेघ मारली की तो आकडा राहत नाही, शब्द होतो, आणि बेरीज शब्दांना वगळून पुढे जाते. चूक झाली असा इशाराही मिळत नाही. आकड्याच्या मध्येच मोकळी जागा पडली, किंवा 'रु.' लिहिलं, तरी तेच.

ओळखायची खूण सोपी आहे. खरे आकडे चौकटीच्या उजव्या कडेला चिकटतात, शब्द डाव्या कडेला. रकान्यावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवा. एखादा आकडा डावीकडे उभा असेल तर तोच. अजून खात्री हवी असेल तर रिकाम्या चौकटीत 'काउंट' हे सूत्र लावा. ते फक्त खरे आकडे मोजतं. स्टाफ २२ जणांचा आणि उत्तर २१ आलं की काय ते समजलं.

तारखांचंही असंच. ०५/०६/२०१९ ही पाच जून की सहा मे, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. रुजू होण्याची तारीख एक महिना सरकली तर वेतनवाढ चुकते. त्यामुळे महिना अक्षरांत लिहायची सवय लावून घ्या.

तिसरी तपासणी : पैशांची पूर्णता

तीन शिक्षिकांचा पीएफ धरायचा पगार ९,८२०, ११,३४५ आणि १३,४७० आहे असं समजा. १२ टक्के म्हणजे १,१७८.४०, १,३६१.४० आणि १,६१६.४०. रजिस्टरमध्ये प्रत्येकीचे पैसे तिथल्या तिथे सोडले, तर बेरीज ४,१५५. संगणकाने पैसे धरून ठेवले आणि फक्त पडद्यावर पूर्ण रुपये दाखवले, तर बेरीज ४,१५६. एक रुपयाचा फरक, आणि त्यावर मी दोन तास वाद झालेला पाहिला आहे.

उपाय असा की प्रत्येक कपातीच्या सूत्राला 'राउंड' लावायचं, म्हणजे पूर्णता माणसागणिक होते. पीएफच्या फाइलमध्ये प्रत्येक सदस्याची रक्कम पूर्ण रुपयांतच द्यायची असते, म्हणून हीच रीत बरोबर. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, रीत वेगळी आहे. तिथे पैसे नेहमी पुढच्या रुपयावर जातात. १३,५०० वर पाऊण टक्का म्हणजे १०१.२५, आणि भरायचे १०२. तिथे साधं 'राउंड' चालत नाही, 'राउंडअप' लागतं.

एवढं करूनही काहींचे एक ते चार रुपये वेगळे राहत असतील तर ते तसेच टिपून ठेवा. त्याचं उत्तर बहुधा सहाव्या तपासणीत मिळतं.

चौथी तपासणी : दिवस

पगार १५,५०० आणि एक दिवस बिनपगारी. रजिस्टर लिहिणारा ३० ने भागतो, म्हणून ५१६.६७ कापतो. सॉफ्टवेअर महिन्याच्या खऱ्या दिवसांनी भागत असेल तर जुलैत ५०० कापेल आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ५५३.५७. यात चूक कोणाचीच नाही, दोन रीती आहेत. पण शाळेत एकच रीत हवी आणि ती व्यवस्थापनाने लेखी ठरवलेली हवी. ते झालं की सॉफ्टवेअरमधली सेटिंग बदलायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

दुसरं, सुट्ट्यांची यादी. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या यादीत होळी असते, दिवाळी असते. रंगपंचमी कुठून असणार? आपल्याकडे इंदुरात त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, सगळं शहर रस्त्यावर असतं आणि शाळा बंद. एका शाळेत मार्चच्या पगारात २२ च्या २२ जणांचा एक दिवस कापला गेला होता, मुख्याध्यापिकेचासुद्धा. सगळे दोन दिवस सॉफ्टवेअरमधला दोष शोधत होते. मी हजेरीच्या पानावर कोणत्या तारखेला सगळे गैरहजर आहेत तेवढंच पाहिलं. वर्षाच्या सुरुवातीला स्थानिक सुट्ट्या हाताने भराव्या लागतात आणि कलेक्टरकडून नंतर जाहीर होणाऱ्या सुट्ट्या त्या-त्या वेळी.

अंगठ्याचं मशीन लावलं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. झाडलोट आणि फरशी पुसण्याचं काम करणाऱ्या मावशींची बोटं झिजलेली असतात, रेषा उमटत नाहीत. एका शाळेत मावशी सकाळी साडेसहाला येऊन कुलूप उघडायच्या, मशीनवर तीनदा अंगठा दाबायच्या, ओल्या पदराला पुसून पुन्हा दाबायच्या आणि शेवटी कामाला लागायच्या. महिनाअखेरीस त्यांच्या नावावर नऊ गैरहजेऱ्या. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांच्यासाठी सहीचा हजेरीपट चालू ठेवा. पहिले सहा महिने तरी सगळ्यांसाठीच ठेवा.

पाचवी तपासणी : बँकेतून परत आलेली रक्कम

रक्कम परत आली की बँक कारण देते. ते आधी वाचा.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ खुणांचा असतो आणि त्यातली पाचवी खूण नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी 'ओ' टाइप झालेला असतो, हा मला सर्वांत जास्त वेळा सापडलेला दोष आहे. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून ती खूण पुसून पुन्हा शून्य दाबा.

खाते क्रमांक एक्सेलमध्ये आकडा म्हणून भरला तर सुरुवातीची शून्यं उडतात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमका आकडा धरतं, त्यामुळे १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. हा दोष गंभीर आहे. एनईएफटीत, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतीत, रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नाव जुळतं का यावर नाही. चुकीचा क्रमांक दुसऱ्या कोणाचा खरा क्रमांक असला तर पगार त्याच्या खात्यात जातो. म्हणून रकान्याचं स्वरूप आधी 'टेक्स्ट' करायचं आणि मगच क्रमांक पासबुकावरून भरायचे. आधी भरून मग स्वरूप बदललं तर गेलेले अंक परत येत नाहीत.

जुन्या रजिस्टरमध्ये बँकांची जी नावं आहेत त्यातली काही आता राहिलेली नाहीत. स्टेट बँक ऑफ इंदौर २०१० मध्ये स्टेट बँकेत गेली. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात, आणि २०२० मध्ये अलाहाबाद, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, ओरिएंटल, युनायटेड अशा बऱ्याच बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या. कोड रजिस्टरवरून किंवा जुन्या चेकबुकावरून उतरवला असेल तर तो रद्द झालेला असण्याचा संभव दांडगा. प्रत्येकाकडून चालू पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा.

मार्चमध्येच रक्कम परत आली तर वेगळं कारण बघा. भृत्य (शिपाई) किंवा मावशी यांची खाती कधीकधी पूर्ण केवायसी (ओळखीची पडताळणी) न झालेली 'स्मॉल अकाउंट' असतात. अशा खात्यात आर्थिक वर्षात एकूण १ लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. पगार ९,००० असेल तर अकरा महिन्यांचे ९९,००० बसतात आणि बारावा परत येतो. आधार आणि फोटो घेऊन बँकेत जाऊन पूर्ण केवायसी केलं की प्रश्न मिटतो. त्यांच्याबरोबर शाळेतल्या कोणीतरी जावं. फॉर्म भरायला मदत नसली की त्या तशाच परत येतात आणि पगार आणखी आठ दिवस लांबतो.

सहावी तपासणी : रजिस्टरमध्ये न लिहिलेले नियम

इथून पुढे वेळ लागतो, पण जे दुखणं वरच्या कशानेच जात नाही ते इथे सापडतं.

एका शाळेत सहा महिने दर महिन्याला चार-पाच जणांचा पगार चुकत होता. कधी ५०० चा फरक, कधी १,००० चा, कधी तीनच रुपयांचा. सॉफ्टवेअरवाला तीनदा येऊन गेला होता. मी खजुरी बाजारातून आणलेलं ते जुनं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर मागवलं आणि खिडकीजवळ बसून पानं उलटली. काही नावांच्या शेजारी लाल पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. टोकाने टेकवावा एवढाच. कुठल्या रकान्यात नाही, समासात. आणि तो फक्त भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराच्या पानांवर.

तिथे एकतीस वर्षं पगार लिहिणारे काका निवृत्त होऊन रामबागेत राहत होते. रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गणपतीच्या महिन्यात उचलीचा हप्ता कापायचा नाही, असं जुन्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. घरी खर्च असतो ना. तो पुढे एक महिना वाढवायचा." सॉफ्टवेअरमध्ये उचल भरणाऱ्या मुलीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ती दर महिन्याला बरोबरच कापत होती.

मग मी विचारत गेलो, ते सांगत गेले. तीन वेळा उशीर झाला की अर्धी किरकोळ रजा. शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधला रविवारही रजेत. १५ तारखेनंतर रुजू झालेल्याचे त्या महिन्याचे दिवस पुढच्या महिन्यात फरक म्हणून द्यायचे. आणि निव्वळ पगार नेहमी पुढच्या पाच रुपयांवर पूर्ण करायचा, कारण पूर्वी पगार पाकिटातून रोख देत आणि सुट्टी नाणी पुरत नसत. तिसऱ्या तपासणीत राहिलेले ते एक ते चार रुपये ते हेच. दोन दुपारी बसून आम्ही १४ नियम लिहून काढले. त्यातला एकही शाळेच्या कुठल्या ठरावात नव्हता.

तुमच्या शाळेत असं माणूस असेल तर आधी त्यांना भेटा. चहाला बोलावू नका, आपण जा, आणि रजिस्टर बरोबर न्या. नुसतं विचारलं तर आठवत नाही, पान समोर आलं की आठवतं. गेल्या बारा महिन्यांतला प्रत्येक फरक एकेक करून विचारा. ते हयात नसतील तर बारा महिन्यांचं रजिस्टर समोर ठेवून प्रत्येक ओळ संगणकाच्या उत्तराशी ताडावी लागते, आणि फरक कोणत्या महिन्यांत, कोणाच्या बाबतीत येतो ते बघून नियम ओळखावा लागतो. त्याला चार-पाच दिवस जातात.

नियमांची यादी झाली की व्यवस्थापनापुढे ठेवा. काही चालू राहतील, काही बंद होतील. रविवार कापायचा की नाही हे लेखनिकाने ठरवायचं काम नाही. जे बंद करणार ते स्टाफला आधी सांगा. पगार तीन रुपयांनी कमी आला तरी माणसाला वाटतं कोणीतरी आपलं काही कापलं, आणि नव्या पद्धतीवरचा विश्वास जातो तो तिथेच.

उचलीबद्दल आणखी एक. हप्त्याचा शेवटचा महिना कोणता ते सॉफ्टवेअरमध्ये टाकल्याशिवाय उचल नोंदवू नका. एका ठिकाणी मावशींची उचल फिटल्यावरही दोन महिने हजार-हजार कापले गेले. त्यांना मोबाइलवर आलेला मेसेज वाचता येत नव्हता, आणि पूर्वी सही करताना काका तोंडी आकडा सांगायचे, ते आता बंद झालं होतं. त्यांच्या हातात छापील पगार-चिठ्ठी द्या आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवा.

सातवी तपासणी : नावं

इंदुरात शाळेचा कारभार हिंदीत, घर मराठीत आणि पोर्टल इंग्रजीत. काळे आडनाव रजिस्टरवर काळे, पासबुकावर काले, आणि इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकांचं तर तीन कागदांवर तीन नावं. पीएफचा १२ अंकी यूएएन, म्हणजे सदस्याचा कायमचा क्रमांक, आधारशी जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावं लागतं, नाहीतर तिथेच अडतं. शाळेच्या यादीत आधारवरचं स्पेलिंग हेच प्रमाण धरा. यूएएनमध्येच नाव चुकलं असेल तर सदस्य आणि शाळा यांच्या संयुक्त घोषणापत्राने दुरुस्ती होते. त्याला वेळ लागतो, म्हणून पगाराच्या आठवड्यात ते काढू नका.

जुन्या फाइलमधली नावं क्रुतीदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये निरर्थक इंग्रजी अक्षरं होऊन येतात. फाइल खराब झालेली नसते. तो फॉन्ट युनिकोडचा नाही, एवढंच. २०-२५ नावं असतील तर रूपांतराच्या भानगडीत न पडता नव्याने टाइप करा.

आठवी तपासणी : दर आणि मर्यादा

पीएफ २० किंवा अधिक माणसांच्या संस्थेला लागू होतो, आणि त्यात बसचालक, मावशी सगळे मोजायचे. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० आहे. मूळ पगार १८,००० असेल आणि शाळा मर्यादेपर्यंतच कापत असेल तर १,८०० निघतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मर्यादेची खूण लावलेली नसेल तर २,१६०. माणशी ३६० चा फरक दिसला की हीच सेटिंग. शाळेच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, मर्यादेवर १,२५०. वय ५८ पूर्ण झालं की पेन्शनचा भाग थांबतो आणि पूर्ण रक्कम पीएफमध्ये जाते. जन्मतारीख चुकीची भरली असेल तर हे चुकतं आणि वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

ईएसआय लागू असेल तर कर्मचाऱ्याचे ०.७५ आणि शाळेचे ३.२५ टक्के, पगाराची मर्यादा २१,०००. वेतनवाढीने कोणी ही मर्यादा ओलांडली तर कपात त्याच महिन्यात बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा जो कालखंड चालू असेल तो संपेपर्यंत चालू राहते.

आणि मार्चचा घोळ. मध्य प्रदेशात ३ ते ४ लाख वार्षिक पगारावर वर्षाचा व्यवसाय कर २,००० आहे. तो ११ महिने १६६ आणि बाराव्या महिन्यात १७४ असा कापतात. चार लाखांच्या वर २,५००, म्हणजे ११ महिने २०८ आणि शेवटी २१२. सॉफ्टवेअर बाराने समान भागून १६७ कापत असेल तर वर्षाचे २,००४ होतात. शेवटच्या महिन्याचा आकडा वेगळा भरायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती शोधा. महाराष्ट्र किंवा गुजरातचा तक्ता निवडलेला नाही ना, हेही बघा. राज्य चुकीचं निवडलेलं मला दोन शाळांत सापडलं आहे.

कुठे थांबायचं

मागच्या महिन्यांचा पीएफ किंवा ईएसआय कमी भरला गेला असं लक्षात आलं तर स्वतः दुरुस्तीच्या फाइली चढवू नका. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. उशिरा भरलेल्यावर वार्षिक १२ टक्के व्याज आणि वर दंड लागतो, आणि चुकीची दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महाग पडते. सीए किंवा कामगार कायद्याचं काम करणारा सल्लागार गाठा. कोणाचा आयकर कापायचा असेल तर पहिल्या वर्षी तरी हिशेब सीएकडूनच करून घ्या.

पगार चुकीच्या खात्यात गेला असेल तर त्याच दिवशी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या खातेदाराला स्वतः फोन करत बसू नका.

सॉफ्टवेअर उघडत नाही, जुने महिने दिसेनासे झाले, किंवा 'डेटा दुरुस्त करू का' असं विचारतं, तर नाही म्हणा, संगणक बंद करा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. तुम्ही नंबर शोधून लावलेला फोन आणि तुम्हाला आलेला फोन यात फरक करा. कोणी सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय म्हणून पडदा दाखवायला लावत असेल, ओटीपी मागत असेल, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

सीएकडे जाताना तीन महिन्यांची रजिस्टरची पानं, त्याच महिन्यांची संगणकावरची पगारपत्रकं, बँकेचा उतारा, पीएफची चलनं आणि नियमांचा तो लेखी कागद बरोबर न्या. जुनी रजिस्टरं रद्दीत देऊ नका. शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा हक्क ३ एप्रिल १९९७ पासून लागू झालेला आहे, आणि कोण कधी रुजू झालं याचा पुरावा पुष्कळ शाळांत त्या लाल पुठ्ठ्यांतच आहे.

रजिस्टर आणि संगणक दोन्ही समांतर चालवा, सलग तीन महिने एकही फरक न येता जुळेपर्यंत. महिन्याच्या २५ तारखेला कच्चं पगारपत्रक काढा, म्हणजे शोधायला पाच-सहा दिवस मिळतात. आणि तेवढ्यात फरक सापडला नाही तरी कोणाचा पगार अडवू नका. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती ठरलेल्या तारखेला द्या, उरलेली पुढच्या महिन्यात 'फरक' या रकान्यात दाखवून द्या, आणि ज्याची आहे त्याला त्याच दिवशी बोलावून कागदावर आकडा दाखवा.